माळ्यावर सापडलेला कॉम्प्युटर: स्पेक्ट्रम, कॉमोडोर की बीबीसी?

गणपतीला चाकरमानी गावी आले की घराचे माळे उपसले जातात. आमच्या मालवणच्या घरी एका वर्षी समई शोधायला माळ्यावर चढलेल्या चुलतभावाने एक काळी, चपटी, रबरी बटणांची पेटी खाली आणली. काका बोटीवर होते, त्यांनी कधीतरी विलायतेहून आणलेली. काकू म्हणाली, "तां काय आता चालतला? भंगारात घाल." तो सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम होता. चालला. पण चालायच्या आधी मीच त्याला जवळजवळ मारला होता, ते पुढे येईलच.

तेव्हापासून आसपासची मुलं आणि काही निवृत्त मास्तर मला विचारत असतात, की जुना होम कॉम्प्युटर शिकायचा तर कुठला घेऊ. प्रश्न विचारताना प्रत्येकाच्या हातात आकड्यांची तुलना असते: याची मेमरी जास्त, त्याचे रंग जास्त. त्यावर मी उलट विचारतो: रात्री अकराला तुम्ही अडकलात, तर उत्तर कुठून येणार? चाळीस वर्षांच्या मशीनची निवड मी त्यावरूनच करतो. तरी आकडे आधी उरकून टाकू, म्हणजे मन मोकळं होईल.

बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये आला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी बनवला. त्यात २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि मॉडेल बी असेल तर ३२ केबी मेमरी. स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ चा, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०, १६ किंवा ४८ केबी. किंमत १२५ आणि १७५ पौंड, म्हणजे बीबीसी मॉडेल बीच्या निम्म्याहून कमी. कॉमोडोर ६४ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ५९५ डॉलरला निघाला. जेमतेम १ मेगाहर्ट्झचा ६५१०, पण ६४ केबी मेमरी, पडद्यावर हार्डवेअरनेच हलणारे आठ स्प्राइट (छोटी चित्रं) आणि सिड नावाची तीन आवाजांची संगीत-चिप. मेगाहर्ट्झची तुलना करू नका. झेड८० ला एका कामाला ६५०२ पेक्षा जास्त ठोके लागतात, त्यामुळे ३.५ विरुद्ध १ हा सामना दिसतो तेवढा एकतर्फी नाही.

पहिली पायरी: अजून काही विकत घेऊ नका

लॅपटॉप असेल त्यावर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, टाका. स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, कॉमोडोरसाठी व्हाइस, बीबीसीसाठी जेएसबीब. हा शेवटचा थेट ब्राउझरमध्येच चालतो. स्पेक्ट्रमच्या बाबतीत मनात अपराधी भाव ठेवायचं कारण नाही. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडने घेतला, आणि पुढे त्यांनीच इम्युलेटरसोबत रॉम (मशीनमध्ये कायमचा भरलेला प्रोग्राम) मोफत वाटायला परवानगी दिली. हक्क मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवले.

पहिल्या पाच मिनिटांत नवखा माणूस स्पेक्ट्रमवर वैतागतो. 'पी' दाबलं की 'पी' येत नाही, 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो. 'जे' दाबलं की 'लोड'. अवतरणचिन्हासाठी सिम्बॉल शिफ्ट धरून 'पी'. एका बटणावर पाच-सहा अर्थ बसवलेले आहेत. दोन दिवस शिव्या द्याल, तिसऱ्या दिवशी बोटं आपोआप वळतील. मला तर आता दुसरीकडे 'प्रिंट'ची पाच अक्षरं टाइप करायचा कंटाळा येतो.

दुसरी पायरी: तिन्हींवर एकच वर्तुळ काढा

कुणाचं ऐकून ठरवू नका, हे स्वतः करून बघा. पडद्याच्या मधोमध एक वर्तुळ.

स्पेक्ट्रमवर 'सर्कल १२८, ८८, ५०' एवढंच लिहायचं. मधला बिंदू आणि त्रिज्या. एंटर, झालं.

बीबीसीवर त्या काळच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत वर्तुळाचा शब्दच नव्हता. 'मोड ४' लावायचा, मग साइन-कोसाइनची फेरी करून 'मूव्ह' आणि 'ड्रॉ'ने रेषा जोडत जायचं. कुठलाही ग्राफिक मोड असो, पडदा १२८० बाय १०२४ असाच धरायचा, त्यामुळे मधला बिंदू कायम ६४०, ५१२. पाच-सात ओळी लागतात, पण त्या लिहिताना दहावीतलं त्रिकोणमितीचं पुस्तक एकदाचं सत्कारणी लागतं. हे काम 'प्रोक' म्हणजे प्रोसिजरमध्ये बांधून नाव देता येतं. सोफी विल्सन यांनी लिहिलेलं हे बेसिक त्या काळात सगळ्यांत नेटकं होतं, आणि प्रोग्रामच्या मधेच चौकोनी कंस उघडून असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरचे थेट हुकूम, लिहायची सोय त्यात होती. असेम्ब्ली शिकायची तर याच्यापेक्षा सोपं दार मला माहीत नाही.

आता कॉमोडोर. त्याच्या बेसिकमध्ये चित्र काढण्याचा एकही शब्द नाही. ग्राफिक मोड 'पोक'ने, म्हणजे मेमरीच्या ठरावीक जागी थेट आकडा टाकून, चालू करायचा, मग ८००० बाइट एकेक करून पुसायचे (यालाच अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं, चहाचा घोट घ्या), आणि नंतर प्रत्येक ठिपका कुठल्या बाइटमधल्या कुठल्या बिटवर पडतो याचं गणित स्वतः मांडायचं. बॉर्डर काळी करायला सुद्धा 'पोक ५३२८०, ०'. सर्वांत ताकदीचं हार्डवेअर आणि सर्वांत मुकं बेसिक एकाच डब्यात.

इथेच मला गंमत वाटते. कॉमोडोरचं बेसिक मुकं होतं, म्हणूनच पोरं थेट मशीन कोडमध्ये उतरली. १५४१ डिस्क ड्राइव्ह कासवासारखा चाले, पण त्याच्या आत स्वतःचा ६५०२ आणि २ केबी मेमरी होती. लोकांनी त्या ड्राइव्हलाच नवा कोड शिकवून वेग वाढवला. स्पेक्ट्रममध्ये ८ बाय ८ च्या एका चौकटीत दोनच रंग, त्यामुळे खेळातला माणूस झाडासमोरून गेला की झाडाचा रंग घेतो. त्या रंगमिसळीशी झुंजण्यात तिथल्या प्रोग्रामरांची अख्खी पिढी गेली. जिथे मशीनमध्ये खड्डा होता, तिथेच माणसं जमली. तेव्हा उणिवांची यादी बघून घाबरू नका.

तिसरी पायरी: पाठीशी कोण आहे ते मोजा

मोजायची माझी पद्धत अशी. एक छोटं काम ठरवा, समजा 'एक चित्र डावीकडून उजवीकडे न थरथरता हलवणे'. घड्याळ लावा. तिन्ही मशीनसाठी चालणारा, समजावून सांगितलेला कोड किती मिनिटांत सापडतो ते लिहून ठेवा. मग त्याच ठिकाणी शेवटचं उत्तर केव्हाचं आहे ते बघा: गेल्या आठवड्यातलं की दहा वर्षांपूर्वीचं.

कॉमोडोर यात बहुतेक वेळा पहिला येतो. युरोपात, विशेषतः जर्मनी, पोलंड, हॉलंड आणि स्कँडिनेव्हियात, डेमो, म्हणजे मशीनची करामत दाखवणारे चित्र-संगीताचे प्रोग्राम, लिहिणाऱ्यांची परंपरा तुटलेलीच नाही. कंपनी एप्रिल १९९४ मध्ये बुडाली, लोकांनी लक्षच दिलं नाही. सीएसडीबी नावाच्या सूचीत कुणी कुठला डेमो केव्हा काढला याची नोंद आहे. किक असेम्ब्लर, एसीएमई अशी असेम्ब्ली लिहायची साधनं फुकट मिळतात: लॅपटॉपवर लिहा, क्षणात व्हाइसमध्ये चालवा. मेमरीतल्या प्रत्येक रजिस्टरचा कागद सापडतो. खोट एकच, तिथला दर्जा एवढा वर चढलाय की नवख्याला आपलं पहिलं काम दाखवायची लाज वाटते.

स्पेक्ट्रमवाल्यांकडे ती लाज नाही. त्यांच्यात नव्वदच्या दशकापासून मुद्दाम वाईट खेळ लिहायची स्पर्धा चालते! जितका भिकार तितकी वाहवा. शिकणाऱ्याला याहून प्रेमळ जागा कुठली? शिवाय या मशीनची नात्यागोत्यातली भावंडं जगभर पसरली आहेत: रशियात पेंटॅगॉन, चेकोस्लोव्हाकियात डिडाक्टिक, ब्राझीलमध्ये टीके९०एक्स. १६ केबीच्या रॉमचं ओळीगणिक विवेचन १९८३ मध्येच छापून आलं, त्यामुळे मशीनच्या आत झाकलेलं असं काही उरलं नाही. सी भाषेत लिहायचं तर झेड८८डीके हा कंपायलर आहे आणि तो अजून सांभाळला जातो.

बीबीसीची मंडळी संख्येने कमी, पण त्यांच्यात जुने शिक्षक आणि इंजिनिअर बरेच. स्टारडॉट या त्यांच्या चर्चामंचावर प्रश्न टाकला तर उत्तर कधी कधी इतकं सविस्तर येतं की वाचायला संध्याकाळ लागते. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

एमएसएक्स, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी, अटारी या त्या काळच्या इतर मशीनचेही भक्त आहेत. त्यांची निंदा करत नाही; पण पहिलंच मशीन असेल तर वरच्या तिघांबाहेर जाऊ नका. एकच अपवाद, तो पुढच्या पायरीत.

माझा कल विचाराल तर: प्रोग्रामिंग शिकायला इम्युलेटरवरचा बीबीसी, टेबलावर ठेवायला आणि दुरुस्तीला स्पेक्ट्रम. संगीताचं वेड असेल तर कॉमोडोरशिवाय इलाज नाही.

चौथी पायरी: खरं मशीन कुठे सापडेल

आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स कंपनी परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकत असे, त्यामुळे तिघांत तोच मिळण्याचा संभव जास्त. बीबीसी मायक्रो भारतात सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४ नंतर शाळांमध्ये आले. एखाद्या जुन्या हायस्कूलच्या कपाटात असा पांढुरका डबा दिसला तर उचलून आणू नका. तो जडवस्तू नोंदवहीत असतो. निर्लेखन झाल्याशिवाय मुख्याध्यापक देऊ शकत नाहीत, आणि निर्लेखन झालं की तो भंगारवाल्याकडे जाण्याआधी तुम्ही तिथे हजर हवं.

रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात आखातातून परतलेल्यांच्या घरी चौकशी जरूर करा. कुवेतच्या अल-अलामिया कंपनीचे 'सख्र' नावाचे, अरबी कळफलकाचे एमएसएक्स तिकडे घरोघरी होते. असा एखादा हाताशी आलाच तर तो अपवाद समजा आणि एमएसएक्सच शिका. ब्राझील, स्पेन, हॉलंड आणि जपानमध्ये त्याला सांभाळणारी माणसं आहेत.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने कॉमोडोर पाठवतो म्हटलं तर गोड शब्दांत नकार द्या. तो ११० व्होल्टचा आणि टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीचा. युरोपात लिहिलेले कित्येक डेमो त्यावर नीट चालत नाहीत. आपला देश पॅल या टीव्ही-पद्धतीचा. इंग्लंडचं मशीन पॅलचंच, फक्त अँटेनाच्या वायरने जोडलं तर चित्र येतं आणि आवाज येत नाही, कारण तिकडे आवाजाची लहर ६ मेगाहर्ट्झवर, आपल्याकडे ५.५ वर. स्पेक्ट्रम आणि बीबीसी या दोघांचा भोंगा पोटातच असल्याने त्यांना फरक पडत नाही.

पाचवी पायरी: प्लग लावण्याआधी

इथे घाई केलीत तर बाकी सगळा लेख वाया.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आजचे बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे, मधे धन. मला हे माहीत नव्हतं. घरातला राऊटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर नेमका बसला, मी बटण दाबलं. धूर नाही, आवाज नाही, पडद्यावर काहीच नाही. टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेला आणि त्याने दोन मेमरी चिपही सोबत नेल्या. खालच्या १६ केबीच्या ४११६ जातीच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: १ नंबरच्या पायावर उणे ५, ८ वर अधिक १२, ९ वर अधिक ५. यातलं उणे ५ गेलं आणि १२ चालू राहिलं की चिप मरते. म्हणून उघडल्यावर मल्टिमीटरने पहिल्यांदा हे तीन पाय मोजा. एक जरी चुकलं तर बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

कॉमोडोरचा मूळ पॉवर सप्लाय म्हणजे राळ ओतून बंद केलेला ठोकळा. म्हातारपणी आतला रेग्युलेटर बिघडतो आणि ५ व्होल्टच्या जागी ६-७ सोडतो. मेमरी भाजून निघते. आज मोजला तर बरोबर दाखवील आणि तासाभराने गरम झाल्यावर दगा देईल. तो माळ्यावरच राहू द्या, हौशी लोकांनी नव्याने बनवलेला घ्या.

बीबीसीचा सप्लाय पोटात असतो, आणि त्यात पिवळसर पारदर्शक कवचाचे रिफा जातीचे कपॅसिटर असतात. कवचाला बारीक तडे जातात, आतला कागद दमट हवा शोषतो, आणि एके दिवशी मेन्स लावल्यावर खोलीभर उग्र धूर. हा आजार इंग्लंडात होतो, तर आपल्या खाऱ्या दमट हवेत काय विचारता. चालू करून 'बघण्याआधी' ते बदला. मेन्सच्या बाजूचं काम आहे. कधी केलं नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याला गाठा, पैसे द्या, शेजारी बसून शिका.

मागच्या कनेक्टरची बोटं हिरवी पडलेली असतील तर पॉलिश पेपर लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. शाळेतला मऊ खोडरबर हलक्या हाताने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल; मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे 'आयपीए' मागा. सॉकेटमधल्या चिपा काढून परत बसवल्या एवढ्यानेही कित्येक मशीन जागी होतात. स्पेक्ट्रमच्या बटणांखालचा पापुद्रा पापडासारखा मोडला असेल तर चिकटवत बसू नका. नवा बनवून मिळतो.

सहावी पायरी: टेपऐवजी फोन

त्या काळी प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असत, आणि स्पेक्ट्रमच्या 'इअर' भोकात कुठलाही आवाज चालतो. टेपची फाइल आवाजाच्या फाइलमध्ये बदला, फोनला वायर जोडा, आवाज चढवा, 'लोड' म्हणा. पडद्याच्या कडेला पट्टे पळायला लागले की समजा जमलं. ४८ केबीचा खेळ भरायला पाचेक मिनिटं लागतात. फोन आधी फ्लाइट मोडवर टाका! माझा एक खेळ शेवटच्या मिनिटाला बहिणीच्या फोनने घालवला. 'आर टेप लोडिंग एरर' हे वाक्य तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही फसलेल्या कामाला वापरतात.

बीबीसीही साधा रेकॉर्डर चालवून घेतो, फक्त वायर वेगळी लागते. कॉमोडोरला मात्र स्वतःचाच 'डेटासेट' नावाचा टेप रेकॉर्डर लागतो, कारण आवाजाचे चौकोनी ठोके बनवणारं सर्किट त्या डेटासेटच्या आत आहे. त्याच्यासाठी एसडी कार्डाचा ड्राइव्ह घेणं शहाणपणाचं.

आणि हो, ज्या फोनवरून टेप वाजवताय त्याचा एआरएम प्रोसेसर बीबीसी मायक्रोचाच नातू आहे. त्याचा आराखडा एकॉर्नमध्येच झाला, आणि चिप बनण्याआधी सोफी विल्सन यांनी तो बीबीसी बेसिकमध्ये चालवून पाहिला होता.

पावसाळा

मे संपायच्या आत, आगोटीची बेगमी करताना, मशीनचीही करा. जून ते सप्टेंबर मशीन उघडं ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं तर आतला ओलावा आतच राहतो आणि बुरशी धरते. कॅसेटवर पांढरी जाळी दिसली तर ती डेकमध्ये घालू नका, हेडला लागते. मधून मधून मशीन काढून तासभर चालवा, स्वतःच्या गरमीने वाळतं. मात्र वळिवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की प्लग काढूनच ठेवा, अँटेनाची वायरसुद्धा. लाईट जाण्याचा तर भरवसाच नाही, तेव्हा दर वीस ओळींनी सेव्ह करायची सवय लावा.

प्रश्न विचारताना

'माझा स्पेक्ट्रम चालत नाही' याला उत्तर येत नाही. बोर्डावर छापलेला इश्यू नंबर लिहा, कॉमोडोर असेल तर असेम्ब्ली नंबर. दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो. कुठल्या पायावर किती व्होल्ट. पडद्यावर नेमकं काय: काळा, पांढरा, की रंगीत चौकटी. रात्री दहाला टाकलात तर इंग्लंडात संध्याकाळ असते, सकाळी उठेपर्यंत दोन-तीन उत्तरं आलेली असतात. आणि दुरुस्त झाल्यावर गायब होऊ नका. काय बिघडलं होतं ते तिथेच लिहा, पुढच्याला तेच लागणार असतं.

माझी टीआर४ ची कथा मी अशीच लिहिली, सोबत खाऱ्या हवेचा एक परिच्छेद. महिनाभराने ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या एका टीके९०एक्सवाल्याने विचारलं, की पावसात मशीन नेमकं कशात ठेवतोस? मी त्याला डब्याचा फोटो पाठवला. झाकणावर काकूच्या अक्षरात 'सोडे' असं अजून लिहिलेलं होतं. ते काय, हे समजावण्यात पुढची दोन पत्रं गेली.